धुऱ्यावरची फांदी

चालण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. आजही नाही, आणि तेव्हा तर नाहीच नाही. पैनगंगेकाठच्या त्या खेड्यात शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा घाटंजीहून येणारी एसटी फाट्यावर सोडून निघून जायची आणि पुढचे तीन मैल पायी तुडवावे लागायचे. माझ्याआधीचे गुरुजी त्या तीन मैलांना कंटाळून बदली करून गेले होते. मी पहिल्याच दिवशी शीळ वाजवत ते अंतर कापलं आणि पारावर बसलेल्यांना सांगितलं, की याला तुम्ही लांब म्हणता काय, मी यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला पायी जाणारा माणूस आहे. ते खरं होतं. पण आल्याआल्या सांगायची काही गरज नव्हती. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकानं मला पाणी दिलं.

गावाच्या दक्षिणेला नदी. पावसाळ्यात ती काठोकाठ, गढूळ. दिवाळी उलटली की पाणी एका कडेला सरकायचं आणि पात्र उघडं पडायचं. माघापर्यंत नुसती रेतीच रेती. वाऱ्यानं त्या रेतीची टेकाडं व्हायची, कुठं कमरेएवढी, कुठं पुरुषभर उंच, आणि आज चढलेलं टेकाड पुढच्या रविवारी भलतीकडेच सापडायचं. समुद्र पाहून आलेल्या माझ्या एका नातेवाइकानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की तिकडे किनाऱ्यावर वाळूचे डोंगर असतात. मी म्हटलं, असतील. आमच्याकडे पाणी कमी आहे, रेती कमी नाही.

त्या रेतीत एक बुढी डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी करायची. सगळं गाव तिला डांगरवाली म्हणायचं, मी तोंडावर आजी म्हणत असे. साठीची बाई, हाडाची काटक, बोलायला कंजूष. रेतीत हात हात खड्डे खणायचे, ओल लागली की शेणखत घालून बी टोचायचं, आणि वाऱ्यानं रेती वेलांवर येऊ नये म्हणून वाळल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या झाडांचा, आडोसा उभा करायचा, हे सगळं ती एकटीच करी. उन्हाळ्यात डांगरं पिकली की टोपलं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आणि तिथून घाटंजीच्या बाजारात. तिच्यापुढे मी माझ्या चालण्याची बढाई एकदाच मारली. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि कामाला लागली.

तिच्याकडे एक कुत्रं होतं. मातकट पिवळं, डावा कान फाटलेला, छाती रुंद. त्याला नाव नव्हतं. बुढी यूऽ यू करायची आणि ते यायचं, तेवढ्यानं भागत होतं. कोल्हे रात्रीतून डांगरं फोडतात, त्यांना हुसकायचं त्याचं काम. दिवाळीपासून उन्हाळा संपेपर्यंत वाडीवर नोकरी, नदीला पाणी आलं की नोकरी खलास. म्हणजे मला उन्हाळ्यात सुटी आणि त्याला पावसाळ्यात. पावसाळ्यातल्या एका रविवारी मी खोलीला कुलूप लावून निघालो तर ते मागे आलं. मी हाकललं नाही. पुढच्या रविवारी ते आधीच दाराशी बसलेलं होतं.

आमचा रस्ता ठरलेला. नदीच्या काठानं वर जायचं, मग पऱ्हाटीच्या वावरांमधून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, सागाच्या टेकडीपर्यंत, टेकडी ओलांडून पलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या छोट्या वस्तीवर. तिथं पाणी प्यायचं, दोन गोष्टी करायच्या आणि परत. पुढे मी, मागे ते. मला पुढेच चालायला आवडतं. टेकडीवर उभं राहिलं की खाली नदीचं वळण आणि काठची रेती दिसायची, आणि मी त्याला सांगायचो, ते बघ तुझं हापिस. कुत्र्याशी बोलणारा गुरुजी म्हणून गावात माझं हसं झालं होतं. होऊ दे. सबंध आठवडा पोरांशी बोलून घसा बसायचा, रविवारी तरी न चुकता ऐकून घेणारं कोणी तरी पाहिजेच की.

खेड्यातल्या कुत्र्याला काठी म्हटलं की एकच गोष्ट माहीत असते. काठी उचलली की पळायचं. मला ते पटेना. मी ठरवलं की या कुत्र्याला फेकलेली काठी आणायला शिकवायचं. दोन महिने लागले. सुरुवातीला मी हात वर केला की ते थेट नदी गाठायचं. मी भाकरीचा तुकडा काठीला बांधून पाहिला, स्वतः धावत जाऊन काठी तोंडात धरून दाखवली, हेही सांगून टाकतो. शेवटी एकदा जमलं, आणि मग त्याला दुसरं काही सुचेचना. काठी दिसली की शेपटी हलवत समोर हजर. मी पारावर नेऊन सगळ्यांना दाखवलं. लोक हसले, पण कौतुकानं हसले.

बुढी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "गुरुजी, काठीचं भेव राहू द्या त्याले. भेव नसन तर गावातलं कुत्रं जगत नाही."

मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं, की भीतीनं शिकवणं हे जुनं झालं, माझ्या शाळेत मी छडीसुद्धा ठेवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला पटलं नाही हे मला कळलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

ती कापसाची वर्षं फार वाईट होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती म्हणून लोक औषध वाढवत होते, एकात दुसरं मिसळत होते, आणि एवढं करून भाव पडलेलाच. गावात कोणी मोठ्यानं हसलं तर लोक वळून पाहायचे. भादव्यापासून पुढं पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला नाही असा दिवस जात नसे. फवारा लागून तोंडाला फेस आलेल्या दोघा जणांना त्याच हंगामात बैलगाडीतून फाट्यावर नेताना मी पाहिलं होतं. मला त्या वासाचा संताप यायचा आणि कोणावर काढावा ते कळायचं नाही.

त्या गावात एक रीत होती, आणि मला ती फार आवडायची. वावरात फवारा मारला की जिथून पायवाट आत शिरते तिथं धुऱ्यावर पळसाची हिरवी फांदी रोवायची. पानं हिरवी आहेत तोवर माणसानं आणि ढोरानं आत जायचं नाही. पानं वाळून गळाली की वावर मोकळं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचणारे गावात चारदोन, पण फांदी सगळ्यांना वाचता यायची. मी शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र काढलं, चांगलं हातभर, आणि पोरांकडून रोज परिपाठाला म्हणून घेऊ लागलो: हिरवं पान, आत जाऊ नका. तालुक्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी पाठ थोपटली. रीत गावाची, पाठ माझी थोपटली गेली, आणि मी ती थोपटून घेतली.

तो रविवार दसऱ्याच्या अलीकडचा. ऊन असं कडक की टेकडीवरून उतरताना माझी बडबडही बंद झाली होती. कुत्र्याच्या तोंडातली सकाळची काठी पोडावरच कुठं तरी राहिली होती आणि ते सारखं माझ्यापुढे येऊन, मागे वळून हाताकडे बघत होतं. एका धुऱ्यावर मला मनगटाएवढी सरळ फांदी उभी दिसली. मी ती उपटली. पानं होती तिला. पानांसकट काठी लांब जात नाही, म्हणून मी ती ओरबाडून काढली आणि फांदी पऱ्हाटीत भिरकावली. कुत्रं बाणासारखं आत गेलं, घेऊन आलं. पुन्हा फेकली. दहा वेळा फेकली असेल. पऱ्हाटी त्याच्या पाठीपेक्षा उंच, ते आत घुसलं की नुसती झाडं हललेली दिसायची. बाहेर आलं की अंग चाटायचं आणि पुन्हा तयार. वास होता, पण त्या महिन्यात वास कुठं नव्हता? कोणत्या वावरातला आजचा आणि कोणत्या वावरातला कालचा, हे नाक सांगत नसे.

आता कोणी विचारेल की पळसाचं पान ओरबाडताना तुम्हाला भिंतीवरचं चित्र आठवलं नाही काय. नाही आठवलं. सहा दिवस जे मी पोरांना शिकवत होतो ते पोरांसाठी होतं. माझ्यासाठी होतं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

गावात शिरल्यावर कुत्रं बुढीच्या घराकडे गेलं आणि मी खोलीवर येऊन चहा ठेवला. फांदी दाराशी टेकवून ठेवली, पुढच्या रविवारसाठी. चहा गाळतो आहे तोच पाराकडून ओरडा आला, कुत्रं पिसाळलं, कुत्रं पिसाळलं, आणि पाठोपाठ बुढीचा आवाज आला. तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी दाराशी होती ती फांदी उचलली आणि पळालो.

लोकांना दोष देता यायचा नाही, हे मी तेव्हाही मानलं. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक माणूस गेला होता आणि कसा गेला ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पारासमोर आठदहा माणसं काठ्या घेऊन अर्ध्या गोलात उभी होती. मध्ये ते कुत्रं. तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटत, अंगभर काटा आल्यासारखी थरथर. आणि ते पळत नव्हतं. कोणी काठी उचलली की तिकडेच जात होतं, पडत, उठत, शेपटी हलवत. लोक आणखी घाबरत होते, कारण शहाणं कुत्रं काठीच्या दिशेनं जात नाही. एक काठी त्याच्या पाठीवर बसली. ते कळवळलं, खाली बसलं, आणि पुन्हा उठून त्याच माणसाकडे निघालं. पारावर पाहिलेला काठीचा खेळ त्या भीतीत कोणाला आठवत नव्हता; ते काय करत होतं ते त्या सगळ्या गावात फक्त मला आणि बुढीला कळत होतं.

मी मध्ये शिरलो आणि ओरडलो, की हे पिसाळलेलं नाही, याला फवारा लागला आहे, माणसाला लागतो तसाच. काठ्या थांबल्या, पण खाली आल्या नाहीत. पुढे उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, की कुठला फवारा, कोणाचं वावर? मी टेकडीखालचं, बाभळीजवळचं वावर सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. ते वावर त्याचंच होतं.

तो म्हणाला, "माह्या धुऱ्यावर फांदी होती. आज सकाळीच रोवली मी. मंग तुमच्या संगं असलेलं कुत्रं वावरात गेलं कसं?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अगदी सोपं होतं. फांदी पडली असेल, ढोरानं तुडवली असेल, मला दिसली नाही. त्यातलं कुठलंही लोकांनी मान्य केलं असतं, कारण मी गुरुजी होतो. पण मग माझं फवाऱ्याचं म्हणणंही त्यांनी तेवढंच अर्धवट मानलं असतं, कुत्र्याला हात लावायला कोणी धजलं नसतं, आणि पुढची काठी डोक्यात बसली असती. हा सगळा हिशेब मी तेव्हा केला असं नाही. मला फक्त एवढं दिसलं, की ते कुत्रं माझ्या हातातल्या फांदीकडे बघत होतं.

"फांदी माझ्या हातात आहे," मी म्हणालो. "मीच उपटली. पानंही मीच काढली."

कोणी तरी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या शेतकऱ्यानं काठी टाकली आणि आधी पलीकडच्या माणसाला दामटलं, की धावत जाऊन धुऱ्यावर दुसरी फांदी रोव, ढोरं परत यायची वेळ झाली आहे. ते तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गावाची तीस-चाळीस ढोरं त्या पायवाटेनं यायची.

मग मी हापशीवर कुत्र्याला साबणानं धुतलं. बुढी हापसत होती, मी चोळत होतो. माझ्या अंगावर लाळ उडत होती आणि लोक लांबून बघत होते, कारण माझी खात्री होती तरी त्यांची पुरती नव्हती. बुढीला दुसरं जीवाचं कोणी नव्हतं. नवरा पूर्वीच गेलेला, लेक लग्न होऊन लांब. या कुत्र्यावर तिची वाडी होती आणि वाडीवर ती. मी मान वर करून तिच्याकडे पाहू शकलो नाही.

त्या शेतकऱ्यानंच फटफटी काढली. कुत्र्याला पोत्यात गुंडाळून मी मागे बसलो. घाटंजीपर्यंत तो माझ्याशी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल सुद्धा बोलला नाही. ढोरांचा दवाखाना रविवारमुळे बंद, पण डॉक्टर मागेच राहत होते. त्यांनी डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या, त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या, आणि सुई टोचली. पुन्हा थोड्या वेळानं टोचली. कसं झालं ते विचारलं तेव्हा मी पुन्हा सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शिकलेला माणूस ना तुम्ही? मी हो म्हणालो. दिवेलागणीपर्यंत लाळ थांबली आणि त्यानं पोत्यातून मान बाहेर काढून शेतकऱ्याचा हात चाटला. माझा नाही.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर माझ्या उंबऱ्यासमोर, अंगणात मधोमध पळसाची हिरवी फांदी रोवलेली होती.

कोणी रोवली हे विचारावं लागलं नाही. भोवती अनवाणी पावलं उमटलेली होती आणि माती नीट दाबून घेतलेली होती, रेतीत बी टोचणाऱ्या हातानं दाबतात तशी. गावात कोणी खळखळून हसलं नाही, पण माझ्या दारावरून जाणारा प्रत्येक जण अंगण सोडून, वळसा घालून जाऊ लागला. मला राग आला. खरं सांगतो, पहिल्या दिवशी फार राग आला. उपटायला दोनदा बाहेर आलो. मग आठवलं की फांदी उपटण्यात माझा हात कसा आहे ते गावानं पाहिलेलं आहे, आणि आत गेलो. शाळेत पोरांनी परिपाठाला हिरवं पान म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. पोरांनी एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं.

पानं वाळली, गळली, नुसती काडी उरली. तरी कोणी काढेना आणि मीही काढेना. बुढीनं कुत्रं बांधून घातलं. दिवाळी झाली, नदी सरकली, रेती उघडी पडली, वाडी लागली. मी रविवारी एकटाच निघायचो. पोडावर लोक विचारायचे, गुरुजी, तुमचा गडी काहून नाही आला? मी सांगायचो, नोकरीवर आहे. वाडीच्या बाजूनं जाताना ते दोरीला ताण देऊन उभं राहायचं, शेपटी हलवायचं, आणि बुढी वेलांवरची मान वर करायची नाही. मीही थांबत नसे. चालणं तेवढंच होतं, पण ते चालणं नुसतं चालणं होतं. एवढा एकटेपणा मला घर सोडून आलो तेव्हाही वाटला नव्हता.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी दार उघडलं तर बुढी अंगणात उभी. शेजारी कुत्रं, दोरीशिवाय. तिनं वाकून ती वाळकी काडी उपटली आणि बाजूला टाकली.

"वावरातली फांदी पानं गळेपर्यंत ठेवतेत," ती म्हणाली. "तुमची म्या चार महिने जास्त ठेवली. न्या आता याले. सांजेच्या आत आणजा, कोल्हे लय झाले हाय."

आणि ती गेलीसुद्धा. मला इतका आनंद झाला की काही तरी करायला पाहिजे म्हणून मी वाकलो आणि ती काडी उचलली. दुसरं काही मनात नव्हतं. जुनी सवय.

कुत्रं जमिनीला चिकटलं. पोट टेकलेलं, कान मागे, शेपटी पायांत, आणि नजर माझ्या हातावर. ओरडलं नाही, पळालं नाही, नुसतं वाट बघत राहिलं. मी दोन महिने घालून जी भीती काढली होती ती परत आली होती, आणि या वेळी ती माझ्या हाताची होती.

मी काडी कुंपणापलीकडे टाकली. दोन्ही हात उघडे करून त्याच्यासमोर धरले आणि तिथंच उकिडवा बसलो. बोललो नाही. मला न बोलता एवढा वेळ बसता येतं हे मला माहीत नव्हतं. ऊन अंगणात उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा ते उठलं, जवळ आलं, माझ्या एका तळव्याचा वास घेतला, मग दुसऱ्याचा. मग वळलं आणि नदीच्या वाटेला लागलं. रेतीच्या पहिल्या टेकाडावर चढून ते थांबलं आणि मागे पाहिलं. मी निघालो. पुढे ते, मागे मी.